माग काढणारे खेळ

भेंडवळच्या शेतात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. मांडणीचा मान वाघ घराण्याकडे, आणि परंपरा साडेतीनशे वर्षांची म्हणून सांगतात. शेतात गोल आखायचा, त्याच्या कडेनं अठरा प्रकारची धान्यं ठेवायची. मधोमध खड्डा, खड्ड्यात चार ढेकळं. ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. ढेकळांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, करंजी, भजी. बाजूला विड्याचं पान आणि सुपारी. एवढं झालं की सगळे निघून जातात. रात्री तिथं कुणीही थांबत नाही. पहाटे पंचक्रोशीतले शेतकरी जमतात. कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठला दाणा आत सरकला, कुठला बाहेर पडला, यावरून वर्षाचा पाऊस आणि पीकपाणी सांगितलं जातं.

या भाकितावर कुणी पेरणी ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाचा अंदाज हवामानखात्याकडूनच घ्यावा. पण त्या पहाटेकडे मी अनेकदा वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. रात्र कुणीच पाहिलेली नसते. हाताशी असतात त्या फक्त रात्रीनं मागे ठेवलेल्या खुणा, आणि शेकडो माणसं त्या खुणांवरून न पाहिलेली रात्र उभी करत असतात. दाणा सरकला, एवढंच दिसतं. गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात तयार होते.

पुढच्या पानांवर ज्या व्हिडिओ गेमबद्दल लिहिलं आहे, ते नेमकं हेच करायला लावतात. म्हणून प्रस्तावना भेंडवळपासून सुरू केली.

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्याकडे बंदूक, मोटारी नाही तर क्रिकेट डोळ्यांपुढे येतं. इथं यातलं काही नाही. या खेळांत तुम्हाला एका जागी सोडून देतात. एखादं बेट असतं, रिकामं घर असतं, वाळवंट किंवा जंगल असतं. तुम्ही चालायचं, पाहायचं, वाकून एखादी वस्तू उचलायची, दार ढकलायचं. मारायला शत्रू नाही, बहुतेकांत हरणंही नाही. हे खेळ करणारे चमू लहान असतात. कधी दोन माणसं, कधी दहा-पंधरा. मोठ्या कंपनीचा पैसा नाही, म्हणून त्यांना 'इंडी' म्हणजे स्वतंत्र म्हणतात. सुरुवातीला या प्रकाराला 'वॉकिंग सिम्युलेटर' असं हिणवलं गेलं. नुसतं चालायचं, यात खेळ कसला? पंढरीच्या वाटेवर पिढ्यान् पिढ्या चाललेल्या आणि शेगावची पायी वारी दारावरून जाताना पाहिलेल्या आपल्या लोकांना हा प्रश्न पडायचं कारण नाही. चालणं हीसुद्धा काहीतरी कळून घेण्याची रीत आहे.

माझ्या भाच्याला मी 'डिअर एस्थर' पहिल्यांदा दाखवला, तेव्हा तो दहावीत होता. हा खेळ आधी २००८ साली दुसऱ्या एका खेळाची फेररचना म्हणून आला आणि २०१२ साली स्वतंत्रपणे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटं आहेत, त्यांतल्या एका निर्मनुष्य बेटावर तुम्ही उतरता. एक पुरुष मधून मधून बोलतो, पत्राचे तुकडे वाचावेत तसा. बाकी वारा, गवत, खडक आणि लांब टेकडीवर लुकलुकणारा तांबडा दिवा. पोरानं दहा मिनिटं चालून पाहिलं आणि विचारलं, "मामा, इथं कोनीच काहून नाही?"

मी म्हटलं, "पाह्य बरं, खरंच कोनी नाही का."

त्यानं मान पुढे घेतली. समोर गुहेत मेणबत्त्या जळत होत्या. "ह्या कोनं लावल्या?" असं तो स्वतःशीच पुटपुटला, आणि त्यानंतर तासभर तो माझ्याशी बोलला नाही.

तो क्षण मला या सगळ्या प्रकाराचा गाभा वाटतो. 'कोण आहे' या प्रश्नाची जागा 'कोण होतं' या प्रश्नानं घेतली, की खेळ सुरू होतो. आपल्या भाषेत याला फार जुना, अचूक शब्द आहे: माग काढणे. गुराखी हरवलेल्या गाईचा काढतो, वनरक्षक वाघाचा काढतो. खुराची कड अजून ओली आहे का, पावलात पाणी भरलंय का, गवताची काडी उठून उभी राहिली का, हे पाहून किती वेळापूर्वी कोण गेलं ते सांगणारी माणसं आपल्या गावांत अजून आहेत. या खेळांतलं कथन त्याच जातीचं आहे. लेखक सांगत नाही, जागा सांगते.

आता चित्राच्या दर्जाबद्दल. याविषयी बोलताना लोक पिक्सेल मोजतात, ग्राफिक्स कार्ड कुठलं ते विचारतात. चित्र किती कोरीव आहे, एवढाच निकष लावला तर 'प्रोटियस' हा खेळ पहिल्याच फेरीत बाद व्हावा. एड की आणि डेव्हिड कनागा या दोघांनी २०१३ साली तो आणला. झाडं म्हणजे रंगाचे ठोकळे, ससा म्हणजे चार चौकोन. दर वेळी नवं बेट तयार होतं, तुम्ही त्यावर हिंडता, ऋतू बदलतात, आणि प्रत्येक झाडाजवळून, बेडकाजवळून जाताना संगीतात एक सूर मिसळतो. इतक्या भरड चित्रातही संध्याकाळ झाल्यावर पोटात तीच हुरहुर उठते, जी श्रावणात शेतावरून घरी परतताना उठते. म्हणून माझ्या लेखी चित्राचा दर्जा म्हणजे ते किती स्पष्ट दिसतं हे नव्हे. त्यातून किती वाचता येतं, हा खरा दर्जा.

'फायरवॉच' घ्या. २०१६ सालचा हा खेळ कॅम्पो सँटो या छोट्या स्टुडिओचा. १९८९ सालचा उन्हाळा, अमेरिकेतल्या वायोमिंगचं जंगल, वणव्यावर नजर ठेवणारा हेन्री हा एकटा माणूस, आणि वॉकीटॉकीवरून ऐकू येणारी डेलायला. तिला तुम्ही कधीच पाहत नाही. चित्रांची कल्पना ऑली मॉस या पोस्टर-चित्रकाराची. त्यानं प्रत्येक पान रंगवण्याच्या फंदात न पडता डोंगर थरांत मांडले. जवळचा थर गडद, मागचा फिका, त्यामागचा आणखी फिका, आणि सगळ्यांवर वेळेप्रमाणे एकच रंग: सकाळी पिवळसर, संध्याकाळी भगवा, रात्री निळा.

ही किमया कळायला वायोमिंगला जावं लागत नाही. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलं आहे. मलकापूरकडे निघालं की राजूर घाट लागतो. हिवाळ्यात सकाळी घाटाच्या वळणावर गाडी थांबवा. पायाखालचा उतार काळपट हिरवा, पुढची सोंड राखाडी, तिच्या पुढची निळसर, आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यातली शेतं धुक्यात इतकी विरलेली की जमीन कुठे संपली नि आभाळ कुठे लागलं ते सांगता येत नाही. दूरची वस्तू फिकी दिसते कारण मधल्या हवेतली धूळ आणि बाष्प उजेड विखरतं. चित्रकारांना हे शतकानुशतकं ठाऊक आहे. गेम करणाऱ्यानं त्यात एकच भर घातली: प्रेक्षकाला त्या चित्रात चालत जाऊ दिलं. जो थर आता फिका आहे तो चालता चालता गडद होतो, आणि मागे वळलं की आपण सोडलेली जागा फिकी झालेली असते. अंतर डोळ्यांना कळतं तसं मनालाही कळतं. 'फायरवॉच' दोन माणसांतल्या अंतराचीच गोष्ट आहे, म्हणून तिथं हे चित्र शोभेपुरतं राहत नाही.

आता लोणारला जाऊ. या प्रस्तावनेत मी सगळ्यात जास्त वेळ इथं थांबणार आहे. जिथून उतरायचं ती जागा मी लहानपणापासून ओळखतो, आणि जगातले कितीतरी नावाजलेले खेळ पाहिल्यावरही इतकी नीट रचलेली वाट मला त्यांत क्वचित सापडली.

बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे. कड्यावर उभं राहिलं की सगळं एका नजरेत दिसतं: वाटोळी कड, उतारावरचं रान, तळाशी हिरवट पाणी. 'जर्नी' या २०१२ सालच्या खेळात पहिल्याच दृश्यात दूरवर उजेडाची फट असलेला एक डोंगर दिसतो आणि शेवटपर्यंत तोच तुम्हाला ओढत नेतो. कुठे जायचं ते कुणी सांगत नाही, डोंगर सांगतो. लोणार म्हणजे उलटा डोंगर. इथलं शिखर तळाशी आहे.

गोमुखाच्या धारेपासून उतरायला लागा. बारमाही धार आहे. बायका, पोरं, यात्रेकरू तिथं स्नान करत असतात, ओल्या कपड्यांचा आणि उदबत्तीचा वास येत असतो. पन्नास-साठ पावलं खाली गेलात की तो गलका मागे पडतो. झाडी दाट होते आणि मघाशी दिसलेलं पाणी नाहीसं होतं. हे नाहीसं होणं फार मोलाचं आहे. ध्येय आधी दाखवायचं, मग लपवायचं, आणि वाटेत मन दुसऱ्या गोष्टीत गुंतवायचं, हे कसलेले गेम-रचनाकार मुद्दाम जुळवून आणतात. इथं ते झाडांनी केलं आहे. मोराचा आवाज येतो, मोर दिसत नाही. मधेच झुडपात एक मंदिर उभं असतं. शिखर ढळलेलं, खांबांवर कोरीवकाम, गाभारा कधी रिकामा. कुणी सोडलं, कधी सोडलं, पाटी नाही. आणखी खाली बाभळी लागतात, वाट मऊ होते, नाकाला उग्र खारट वास येतो, आणि मग झाडी एकदम संपते. समोर चिखलाचा उघडा काठ आणि पाणी. वरून पाहिलेलं तेच पाणी. पण आता तुम्ही त्याच्या पातळीवर आहात, आणि चहूबाजूंनी कडा उभी आहे. मघाशी आपण जिथून पाहत होतो, तिथली माणसं आता मुंगीएवढी दिसतात.

काठावर कमळजा देवीचं देऊळ आहे आणि तिथंच सासू-सुनेची विहीर. एकाच विहिरीत खारं आणि गोडं पाणी, म्हणून हे नाव. नावातच अख्खं घर आलं. चार शब्दांत गोष्ट कशी सांगावी, हे ज्या कुणा अनाम बाईनं किंवा बाप्यानं ही विहीर अशी ओळखली त्याच्याकडून शिकावं.

आणि लोणारची गोष्ट तरी एक कुठे आहे? पुराण सांगतं, लवणासुर इथं भूमीखाली राहायचा आणि विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेवर उभं आहे. शास्त्रज्ञ उल्का सांगतात, पण विवराच्या वयावर त्यांचंही एकमत नाही. एका पद्धतीनं ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसरीनं सुमारे ५ लाख ७० हजार. 'डिअर एस्थर'मध्ये निवेदनाचे तुकडे दर वेळी बदलतात, त्यामुळे दोन माणसांनी खेळलेल्या गोष्टी तंतोतंत जुळत नाहीत. ही करामत म्हणून वाखाणली गेली. लोणारला ती करावी लागली नाही. पाणी तेच, निवेदक वेगवेगळे.

रंगाचंही तसंच. बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओनं २०१८ साली 'ग्रिस' केला. दुःखानं आवाज गमावलेल्या एका मुलीच्या जगातले सगळे रंग गेलेले असतात, आणि एकेक टप्पा ओलांडला की एकेक रंग परत येतो. आधी लाल, पुढे हिरवा, निळा, पिवळा. रंग बदलला की काहीतरी घडून गेलं, हे न सांगता कळतं. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, लोणारचं हिरवं पाणी गुलाबी झालं. जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर ते फोटो फिरले आणि प्रत्येकजण आपापल्या परीनं माग काढू लागला. कुणी शेवाळ म्हणालं, कुणी देवीचा कोप. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं, की पाणी घटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव बळावले. पावसानं पाणी वाढलं, रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. रंग ही सजावट नसून घटना असते, हे 'ग्रिस'नं मला सांगितलं. लोणारनं ते सिद्ध करून दाखवलं.

इथं एक प्रश्न मनात येतोच. एवढं सगळं आपल्या पायाशी असताना मराठी मुलखातल्या गेममध्ये ते दिसतं का?

काही दिसतं, ते आधी आदरानं नोंदवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली 'राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक' आणला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड या तिघांनी हा स्टुडिओ उभा केला. २०१७ साली लोकवर्गणीसाठी किकस्टार्टरवर केलेला प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडलं नाही. जगातल्या मोठ्या गेम-पुरस्कारांत पदार्पणाच्या विभागात 'राजी'ला नामांकन मिळालं. 'राजी'त लढाई भरपूर आहे, त्यामुळे तो निखळ भटकंतीचा खेळ नाही. पण त्यातल्या भिंतींवरची चित्रं, छायाबाहुल्यांसारखे कथाप्रसंग आणि वरून बोलणारे दुर्गा नि विष्णू, यांत मी तासन् तास रमलो. गोव्यातून काम करणाऱ्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हचा 'फरगॉटन फील्ड्स' २०२१ साली आला. समुद्रकाठचं गाव, विकायला निघालेलं बालपणीचं घर आणि लिहिता न येणारा एक लेखक. फार हळू, फार हळवा खेळ. पालघरची हद्द ओलांडली की गुजरातेत वापी लागतं. तिथला स्टुडिओ ओलिओमिंगस एका काल्पनिक लेखकाच्या हरवलेल्या लिखाणाभोवती विलक्षण दालनं रचत आला आहे. अंडरडॉग्ज स्टुडिओचा 'मुक्ती' एका संग्रहालयात फिरवत फिरवत मानवी तस्करीची गोष्ट उलगडतो.

तरी एक गोष्ट मला टोचते. 'राजी'चे महाल राजस्थानच्या वळणाचे आहेत. ती त्यांची निवड, आणि ती त्यांनी देखणी निभावली. पण दख्खनचा काळा पाषाण अजून पडद्यावर कुणी नीट उजळलेला नाही. वालुकाश्म कॅमेऱ्याला सोपा आहे, उन्हं कलली की तो सोन्यासारखा पेटतो. आपला बेसाल्ट उजेड पिऊन टाकतो. दुपारी तो काळा ढीग दिसतो, रात्री दिसतच नाही. त्याला उजळायचं तर त्याच्या अंगावर काय काय साठलंय ते पाहावं लागतं. मारुतीवरचा शेंदूर, उंबऱ्यावरचं हळदकुंकू, दिवळीतल्या दिव्यानं धरलेली काजळी, तेलानं गुळगुळीत झालेली पिंड, सांध्यात उगवलेलं नेचं, खांबाला लोकांचे हात लागून लागून आलेली तकाकी. दैत्यसूदन मंदिरात अंधाराला डोळे सरावले की छतावरची शिल्पं एकेक करून वर येतात. ती दगडाच्या रंगानं दिसत नाहीत, कडेला अडकलेल्या उजेडानं दिसतात. काळ्या दगडावरचं प्रत्येक उजळ ठिकाण माणसानं केलेलं आहे. म्हणजे प्रत्येक ठिकाणी गोष्ट आहे. गेम करणाऱ्याला याहून मोठं भांडवल कुठलं?

हे करायची रीतही आता हाताशी आहे. पोलंडच्या द अ‍ॅस्ट्रोनॉट्स या छोट्या चमूनं २०१४ साली 'द व्हॅनिशिंग ऑफ ईथन कार्टर' केला, तेव्हा त्यांनी खरे खडक, भिंती, झाडाचे बुंधे यांचे चहूबाजूंनी फोटो काढले आणि संगणकाकडून त्या फोटोंवरून घनाकृती बांधून घेतल्या. याला फोटोग्रामेट्री म्हणतात. एका खांबाभोवती फिरत फोटो काढत जायचे. शेजारच्या दोन फोटोंत निम्म्याहून जास्त भाग सामाईक हवा. दोन्हींत दिसणाऱ्या बारीक खुणा जुळवून संगणक खोली काढतो. इथंही खुणाच. आणि इथं आपल्या हवेची एक गंमत आहे. उन्हात फोटो काढले तर सावली दगडाच्या रंगातच मुरते, मग खेळातला सूर्य पूर्वेला असला तरी खांबावर पश्चिमेच्या सूर्याची सावली राहते. म्हणून आभाळ भरलेलं हवं. पण दगड ओला असेल तर तो चकाकतो, प्रत्येक फोटोत चकाकी वेगळ्या जागी पडते आणि खुणा जुळत नाहीत. म्हणजे ढग असावेत आणि पाऊस नसावा. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ज्या कोरड्या ढगांचा सगळ्यात जास्त त्रास होतो, तोच दिवस या कामाला सगळ्यात चांगला. ही गोष्ट लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ती खरी आहे.

गोष्ट सांगण्याबद्दल थोडं. 'गॉन होम' हा २०१३ सालचा खेळ एका घरात घडतो. १९९५ साल, मोठी बहीण वर्षभरानं परदेशातून घरी येते, घरात कुणी नाही, दारावर धाकटीची चिठ्ठी. कपाटं उघडत, पत्रं वाचत, बापाच्या न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे पाहत घरातल्या चौघांचं वर्ष तुम्हाला कळतं. 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच'मध्ये एका घराण्यातल्या प्रत्येक मृत माणसाची खोली जशीच्या तशी जपून बंद केलेली आहे, आणि निवेदनाचे शब्द त्या खोल्यांच्या हवेत, भिंतींवर तरंगतात. २०१८ साली त्याला ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला.

असं घर आपल्याकडचं कल्पून पाहा. चिखली किंवा देऊळगाव राजाकडच्या एखाद्या गावात. ओसरीवर बंद पडलेलं घड्याळ, खुंटीला टोपी, कोपऱ्यात रिकामी कणगी. पत्र्याच्या पेटीत सातबारा, सोसायटीच्या कर्जाची पावती, मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचा नमुना, ज्यावर तारीख घातलेली नाही. गोठ्यात दावं आहे, बैल नाही. एकही माणूस न दाखवता, एकही वाक्य न बोलता आपल्या जिल्ह्यातल्या गेल्या काही दशकांचं सगळ्यात मोठं दुःख त्या घरात उभं राहील. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याच्या घराचं ते दुःख त्यांनी कादंबरीत आणलं. खेळाच्या माध्यमात ते आणणारं अजून कुणी यायचं आहे.

सिंदखेड राजाला १२ जानेवारीला लाखो माणसं येतात. जिजाऊंचा जन्म तिथला, १५९८ चा. उरलेल्या दिवशी लखुजीराव जाधवांच्या वाड्याचं महाद्वार, रंगमहाल, पुतळा बारव बऱ्यापैकी शांत असतात. मी मुद्दाम तेव्हाच जातो. बारवेच्या पायऱ्या उतरताना खाली थंडावा लागतो, आवाज घुमतो, आणि सोळाव्या-सतराव्या शतकातली एखादी मुलगी याच पायरीवर बसली असेल, असं वाटून जातं. २०२४ साली लखुजीरावांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व विभागाच्या खोदकामात जमिनीखाली शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती सापडली. इतकी वर्षं माणसं तिच्यावरून चालत होती. जागेवर पाटी हवीच, माहिती हवीच. पण पाटी वाचून माणूस पुढे जातो, आणि शोधलेली गोष्ट त्याच्याबरोबर घरी येते. या खेळांचा भर त्या दुसऱ्या गोष्टीवर आहे, आणि आपल्या वारशाच्या जागा दाखवणाऱ्यांनी त्यांच्याकडून एवढं तरी घ्यावं.

मेहकरात कंचनीचा पडका महाल आहे. नर्तकीच्या नावानं ओळखला जाणारा, दंतकथांनी वेढलेला. त्याच गावचे कवी ना. घ. देशपांडे यांनी आपल्या एका संग्रहाला त्याचंच नाव दिलं. १९८६ साली त्यांच्या ज्या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचं नाव 'खूणगाठी'. या जिल्ह्याला खुणांचं वेड जुनंच आहे.

एका वाघाची आठवण इथं काढली नाही तर ही प्रस्तावना अपुरी राहील. टिपेश्वरच्या जंगलातून २०१९ साली निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण नर वाघ तेलंगणात शिरला, नांदेड, हिंगोली, वाशीम अशी शेतं, रस्ते, ओढे ओलांडत डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. पुढेही तो चालतच राहिला. सगळी मिळून चाल ३,००० किलोमीटरच्या घरात गेली. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हटलं. तो जोडीदारीण शोधत होता, की जागा, की पाणी, हे नकाशावरचे ठिपके सांगत नाहीत. दिवसा तो पऱ्हाटीत किंवा नाल्यात दबून राहायचा, रात्री चालायचा. ज्या गावांच्या शिवेवरून तो गेला त्यांतल्या बहुतेकांना तो आल्याचं कळलंसुद्धा नाही. बोथ्याच्या घाटातून खामगावला जाताना मला हे हमखास आठवतं. आपल्याच शिवारातून मोठी गोष्ट चालत जाते आणि आपण झोपेत असतो.

गोष्ट ज्यांची आहे त्यांना बरोबर घेऊनच खेळ करावा, याचा मला माहीत असलेला उत्तम दाखला अलास्काचा आहे. तिथल्या इनुपियाट समाजाच्या वडीलधाऱ्यांना आणि कथेकऱ्यांना बरोबर घेऊन २०१४ साली 'नेव्हर अलोन' तयार झाला. हिमवादळ कुठून येतं याचा शोध घेणारी एक मुलगी आणि तिचा कोल्हा. निवेदन त्यांच्याच इनुपियाक भाषेत, आणि खेळता खेळता त्या समाजाच्याच माणसांचे बोलतानाचे छोटे माहितीपट उघडत जातात. बाहेरच्यानं येऊन 'लोककथा' म्हणून उचलून नेलं, असं तिथं झालं नाही. लवणासुराचा, कंचनीचा किंवा भेंडवळच्या रात्रीचा खेळ उद्या कुणी केला, तर त्यात वऱ्हाडी बोली असावी, आणि ती आजीच्या तोंडची असावी.

पुढच्या लेखांत एकेका खेळाचा माग काढला आहे. वाचायला गेम खेळलेला असण्याची गरज नाही, इंग्रजी पक्कं असण्याची तर मुळीच नाही. आमच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना मात्र एक विनंती आहे. ब्लेंडर आणि गोडो ही गेमच्या कामाची साधनं फुकट मिळतात. साध्या संगणकावर एक खोली बांधा. स्वतःच्या आजोबांची. आधी तिच्यात काय होतं ते आठवू नका, जाऊन पाहा; खुंटी किती उंचीवर आहे ते मोजा, भिंतीला कुठे डोकं टेकून डाग पडलाय ते बघा, खिडकीतून ऊन दुपारी तीनला कुठे येतं ते लिहून ठेवा. घर पाडायच्या आधी हे करा. माझ्या आजोळच्या घराचं मी केलं नाही. आता तिथं स्लॅबचं घर आहे, आणि दिवळी डावीकडे होती की उजवीकडे यावर आम्हा भावंडांचं एकमत होत नाही.

लोणारला उतरणार असाल तर सकाळी लवकर जा, प्यायचं पाणी बरोबर घ्या, मंदिरांच्या दगडांना खडूनं किंवा रंगानं काही लिहू नका. पावसाळ्यात गोमुखाकडच्या पायऱ्या निसरड्या असतात. उजेड आहे तोवर वर या.